कुड्याची ओळख आणि तीन वैद्यांची साक्ष

फौजदारी न्यायालयात गुन्ह्याचा विचार सुरू होण्यापूर्वी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो : समोर उभा असलेला मनुष्य तोच आहे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पुढचा सारा पुरावा, मग तो कितीही भरभक्कम असो, निरुपयोगी ठरतो. आपल्या औषधी वृक्षांचा इतिहास चाळताना कायद्याच्या पेशातील आम्हांस या नियमाची वारंवार आठवण झाली. झाडाचा गुण काय, हा वाद विद्वानांनी शतकानुशतके घातला. पण हातातील साल त्याच झाडाची आहे काय, हे विचारायचे अनेकदा राहून गेले. या विस्मरणाची किंमत ज्या झाडाला सर्वांत अधिक मोजावी लागली, तो आपल्या डोंगरउतारांवरचा कुडा.

कुड्याची नव्याने ओळख करून द्यावी लागावी, असे आमच्या वाचकांपैकी फारच थोडे असतील. सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या जांभ्या दगडांच्या टेकड्यांवर, मोकळ्या रानात हे लहानखुरे झाड सर्वत्र आढळते. कोकणीत त्याला कुडो म्हणतात. पावसाच्या तोंडाशी ते पांढऱ्या सुगंधी फुलांनी भरून जाते. ‘मेघदूता’तील यक्षाने आषाढाच्या मेघाला जे अर्घ्य दिले, ते कुड्याच्याच ताज्या फुलांचे होते. आपल्या घरोघरी त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते. संस्कृतात त्याला कुटज, वत्सक, गिरिमल्लिका अशी नावे आहेत. आणि त्याच्या यवासारख्या बियांना इंद्रयव, म्हणजे आपला इंद्रजव, म्हणतात. सालीचा आणि बियांचा मुख्य उपयोग अतिसारावर आणि रक्ती आवेवर. कुटजारिष्ट, कुटजावलेह आणि कुटजघनवटी ही औषधे आजही वैद्यांच्या नित्य वापरात आहेत.

परंतु रानात कुडा नावाने ओळखले जाणारे झाड एकच नाही. पांढऱ्या कुड्याच्या शेजारीच पुष्कळदा काळा कुडा उभा असतो. दोघांनाही पांढरा चीक. दोघांचीही पाने समोरासमोर. दोघांनाही जोडीजोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. वाटसरूने फसावे, इतके हे साम्य आहे. जाणत्याला मात्र भेद दिसतो. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके एकमेकींपासून सुटी असतात. काळ्या कुड्याच्या शेंगा पिकेपर्यंत टोकाशी चिकटून राहतात. पांढऱ्याची साल जाड, खडबडीत आणि अतिशय कडू. काळ्याची पातळ, गुळगुळीत आणि त्या मानाने बेचव. पांढऱ्याचा इंद्रजव कडू, काळ्याचा गोड. काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग निघतो, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘राइटिया टिंक्टोरिया’, म्हणजे रंगाऱ्याचा राइटिया, असे ठेवले. आणि त्याच्या मऊ पांढऱ्या लाकडापासून कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी घडतात. तात्पर्य, काळा कुडा हेही मोठे उपयोगी झाड आहे. फक्त आवेच्या रोग्याला हवी असलेली साल त्याची नव्हे.

हा भेद आपल्या पूर्वजांच्या दृष्टीतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, आणि तेथे कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन प्रकार फळ, फूल व पान यांच्या लक्षणांनी वेगळे सांगितले आहेत : एक मोठ्या फळाचा, पांढऱ्या फुलाचा, तुकतुकीत पानांचा, दुसरा श्यामवर्ण, तांबूस फुलांचा, बारीक फळांचा. चरकाने दुसऱ्याला त्याज्य म्हटले असे नव्हे; परंतु ही दोन आहेत, हे त्याने नोंदून ठेवले. पहिला आपला पांढरा कुडा आणि दुसरा राइटिया वर्गातील, असे अभ्यासक मानतात. याच संहितेच्या आरंभी आणखी एक मार्मिक विधान आहे. औषधींची नावे व रूपे शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी लोक जाणतात. परंतु एवढ्याने कोणी औषधीचा पूर्ण ज्ञाता होत नाही, जो तिचा प्रयोग जाणतो तोच खरा ज्ञाता, असा त्याचा आशय आहे. हे वचन सामान्यतः वैद्याच्या श्रेष्ठत्वासाठी पुढे केले जाते. आम्हांस त्याचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा वाटतो. वैद्याचा प्रयोग सुरू होण्यापूर्वी गुराख्याची साक्ष झालेली असते, हे शास्त्रकारानेच त्यात मान्य केले आहे.

आता सोळाव्या शतकातील गोव्याकडे वळू. १५३४ साली गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचा वैद्य म्हणून राबता होता. १५६३ साली गोव्यातच त्याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. त्या ग्रंथात आवेवर गुणकारी अशा एका वनस्पतीवर स्वतंत्र संवाद आहे, आणि ती वनस्पती म्हणजे आपला कुडाच, असे पुढील संपादकांनी ओळखले. ओर्ताच्या लेखणीचा एक विशेष असा की, युरोपातील जुन्या ग्रंथांचे वचन आणि येथील प्रत्यक्ष यांत विरोध दिसला, तर तो प्रत्यक्षाच्या बाजूने कौल देतो. त्याच्या संवादांत मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलताना दिसतो. १५६७ साली क्लुसियस या पंडिताने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप केला आणि तो युरोपभर पसरला.

ही वर्षे आपल्या वाचकांच्या स्मरणात दुसऱ्याच कारणासाठी आहेत. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी कुशस्थळीचा श्रीमंगेश जुवारीपलीकडे प्रियोळास नेला गेला. देवळे पडत होती, कुलदेवता अंत्रुज महालात आश्रय घेत होत्या, आणि कित्येक कुटुंबे गलबतांतून कारवार, मंगळूर, कोची अशी दक्षिणेकडे निघाली होती. ख्रिस्ती रुग्णांनी हिंदू वैद्यास बोलावू नये, असे निर्बंध घातले जात होते. तरीही अधिकारी स्वतः आजारी पडले म्हणजे ज्यांना ते ‘पंडित’ म्हणत त्या वैद्यांनाच बोलावीत. खुद्द ओर्ताही या वणव्यातून सुटला नाही. तो मूळच्या ज्यू कुळातला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्याने कुड्याचा गुण जगापुढे मांडला तो, आणि ज्यांच्यापासून असे गुण त्याने ऐकले ते, दोघेही एकाच सत्तेच्या छळाचे धनी झाले.

गोव्यातून निघालेल्या या कुटुंबांनी सोबत देव नेले, पोथ्या नेल्या, आणि तिसरी एक गोष्ट नेली, जिची नोंद फारशी कोणी केली नाही : झाडांची ओळख. कोचीला मट्टंचेरी येथे तिरुमल देवस्थानाभोवती कोकणी समाज स्थिरावला. १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांकडून कोची जिंकून घेतली, आणि पुढच्या दशकात तेथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींचा सचित्र ग्रंथ करविण्याचा संकल्प सोडला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. चित्रांवर झाडांची नावे रोमन, मलयाळी व अरबी लिपींबरोबर नागरी लिपीतही कोरलेली आहेत.

ही नागरी अक्षरे तेथे आली ती तीन वैद्यांमुळे : रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. मलबारी बाजूने ईळवा समाजातील परंपरागत वैद्य इट्टी अच्युदन याने तितकेच मोलाचे साहाय्य केले. ग्रंथाच्या पहिल्या खंडात या वैद्यांची प्रमाणपत्रे छापलेली आहेत. आपल्या तीन वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत व कोकणी भाषेत असून त्यावर १६७५ सालच्या एप्रिल महिन्याची तारीख आहे. आपल्या ग्रंथात लिहिलेले आणि दीर्घ अनुभवाने पडताळलेले वनस्पतींचे नाव-गुण आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ सांगत आलो, आणि याविषयी कोणास शंका राहू नये म्हणून सही करीत आहोत, असा त्याचा सारांश आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता हा लेख आम्हांस विलक्षण वाटतो. आपण काय सांगितले, ते कशाच्या आधारे सांगितले, किती काळ सांगितले, हे साक्षीदार स्वतःच्या नावानिशी, तारखेनिशी सांगत आहे. साक्षीच्या आधारांत त्याने पोथीही सांगितली आणि अनुभवही. एकावर भिस्त ठेवून दुसरा सोडला नाही. प्रतिज्ञालेखात याहून अधिक काय असते? ज्या काळी येथील माणसाचे ज्ञान युरोपच्या ग्रंथांत बहुधा निनावी जाई, त्या काळी या निर्वासितांच्या वंशजांनी आपली नावे आपल्या लिपीत उमटवली. पहिल्याच खंडात ‘कोडगपाल’ या मलयाळी नावाखाली कुड्याचे चित्र व वर्णन आले.

यानंतर जे घडले ते मात्र खेदजनक आहे. १७५३ साली स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने जगातील वनस्पतींस द्विपदी नावे दिली. त्याने या झाडाचे नाव ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’, म्हणजे आव हरण करणारी कण्हेर, असे ठेवले. परंतु या एकाच नावाखाली त्याने मलबारचा कोडगपाल आणि सिंहलद्वीपातील एक निराळे झाड, अशा दोहोंचे उल्लेख एकत्र केले. स्वीडनमध्ये बसून वाळलेल्या फांद्या आणि चित्रे यांवरून निर्णय करणाऱ्याकडून असा घोटाळा होणे शक्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट ब्राउन याने ‘होलॅरेना’ आणि ‘राइटिया’ हे दोन वर्ग वेगळे केले, तेव्हा लिनियसचे नाव गेले सिंहलद्वीपातील त्या राइटियाकडे. म्हणजे आज ‘आव हरण करणारा’ ही शास्त्रीय पदवी अधिकृतपणे दुसऱ्याच झाडाकडे आहे. आणि आपला कुडा, जो दीर्घकाळ ‘होलॅरेना अँटिडिसेंटेरिका’ म्हणून ओळखला गेला, त्याचे आता मान्य झालेले नाव ‘होलॅरेना प्युबेसेन्स’, म्हणजे नुसता ‘लवदार’, असे आहे. मिळकत एकाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, असा हा प्रकार झाला.

नावाचा घोटाळा कागदावर राहिला असता, तर फारसे बिघडले नसते. परंतु अठराव्या शतकात ही साल ‘कोनेसी साल’ वा ‘तेल्लिचेरी साल’ या नावांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या औषधी बाजारात गेली. प्रथम तिची कीर्ती झाली. नंतर ती ओसरली. औषध गुण देईना, अशी तक्रार झाली. त्याचे एक मोठे कारण पुढे मुंबई इलाख्यातील औषधी वनस्पतींच्या जाणकारांनी दाखवून दिले : पाठविल्या जाणाऱ्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळलेली असे, किंवा तीच असे. बंदरावर माल भरणाऱ्या दलालाला शेंगांची टोके पाहायची नव्हती. आणि दूर देशीच्या वैद्यापुढे झाड नव्हते, नुसत्या सालीचे तुकडे होते. साक्षीदार न तपासता निकाल दिला गेला, आणि निरपराध कुडा दोषी ठरला.

त्याची फेरतपासणी व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि समाधानाची गोष्ट ही की, तिचा आरंभ मुंबईत झाला. १८५८ साली डॉ. हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले. कोनेसी सालीवरून त्याला ‘कोनेसीन’ हे नाव मिळाले. पुढे विसाव्या शतकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी या सालीचा पद्धतशीर अभ्यास केला. बंगालीत तिला कुर्ची म्हणतात, आणि त्याच नावाने ती डॉक्टरांच्या पुस्तकांत शिरली. चोप्रांचा देशी औषधींवरील ग्रंथ १९३३ साली निघाला. आवेच्या अमीबावर त्या काळी मुख्य औषध होते एमेटीन, जे ब्राझीलमधील इपेकॅक या झुडुपाच्या मुळापासून मिळते. कलकत्त्यातच १९१२ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी ते टोचून देण्याची पद्धत रूढ केली होती. एमेटीन हृदयाला अपायकारक होई. त्याच्या जागी कुर्चीची द्रव्ये वापरून पाहण्यात आली, आणि काही काळ त्यांनी चांगले काम दिले.

येथे पक्षपात करणे उचित होणार नाही. केवळ ओळखीच्या घोटाळ्यामुळेच कुडा मागे पडला, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेत दिले असता निद्रानाश, अस्वस्थता, चक्कर असे त्रास होतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यास आढळून आले. आणि १९६६ साली मेट्रोनिडाझोल अमीबाच्या आवेवर प्रभावी असल्याचे सिद्ध झाल्यावर डॉक्टरांच्या दृष्टीने कुर्चीची गरज उरली नाही. गंमत अशी की, याच दुष्परिणामातून पुढे संशोधनाची नवी वाट निघाली. मेंदूतील जागृतीशी संबंध असलेल्या हिस्टामीनच्या एका विशिष्ट ग्राहकाला कोनेसीन अडविते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हे ग्राहक निद्रेशी निगडित असल्याने जुन्या रुग्णांच्या निद्रानाशाचा उलगडा होण्यास त्याने मदत होते. सबंध साल आणि तिच्यातून काढलेले एक द्रव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीविषयी दिलेला निकाल दुसरीला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही यातून ध्यानी यावे. रक्ती आवेसारखा आजार घरगुती काढ्यावर ढकलत राहू नये, जाणत्या चिकित्सकाकडे वेळीच जावे, हे सांगणेही आम्ही कर्तव्य समजतो.

कायद्यानेही या प्रश्नाची उशिरा का होईना दखल घेतली. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय औषधे त्याच्या कक्षेत आली, आणि चरक, सुश्रुत आदी ग्रंथांची यादी कायद्याच्या परिशिष्टात समाविष्ट झाली. आयुर्वेदिक औषधिकोशात कुटजाची साल कोणत्या झाडाची असावी, हे शास्त्रीय नावानिशी दिलेले आहे. भेसळ ओळखण्यास सूक्ष्मदर्शक आहे, रासायनिक कसोट्या आहेत, आणि आता डीएनएच्या चाचण्याही आल्या आहेत. परंतु या सर्व चाचण्या शेवटी एक तुलना करतात : हा तुकडा त्या मूळ नमुन्याशी जुळतो काय? आणि तो मूळ नमुना कुड्याचाच, हे कोणीतरी झाडाखाली उभे राहून, शेंग हातात घेऊन सांगितलेले असते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालयात वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या पत्रांवर गोळा करणाऱ्याचे नाव, स्थळ आणि तारीख असते. ती पत्रे म्हणजे १६७५ च्या त्या प्रमाणपत्राचीच भावंडे होत.

आम्हांस काळजी वाटते ती येथे. पोथ्या छापल्या गेल्या, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. परंतु गुराखी रानात जायचा थांबला. भाजीसाठी कुड्याची फुले खुडणाऱ्या आजीला पांढरा आणि काळा यांतला भेद कोणी शिकवावा लागला नव्हता. तिच्या नातवंडांना कुडा म्हणजे बाजारातल्या बाटलीवरचा शब्द. बाजारात साल तुकड्यांच्या रूपाने येते, आणि ती झाडाच्या अंगावरून बेताने काढली की झाड उभे सोलून, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. आपल्या शास्त्राने औषधी कोणत्या भूमीतील घ्यावी, कोणत्या काळी घ्यावी, आणि घेण्यापूर्वी तिचे पूजन करावे, असे नियम घालून दिले होते. त्यांतील पूजनाला आज कोणी भाबडेपणा म्हणेल. पण ज्याला झाडापुढे हात जोडावे लागतात, त्याला निदान त्या झाडापर्यंत जावे लागते, आणि ते कोणते झाड हे पाहावे लागते.

आपल्या देवस्थानांना या कामी काही करता येण्यासारखे आहे. पुष्कळ देवळांच्या भोवती अजून राई आहे, आवार आहे, डोंगराचा तुकडा आहे. वर्षातून एकदा, कुडा फुलतो त्या दिवसांत, गावातील वडीलधाऱ्या जाणत्यांना आणि वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला बरोबर घेऊन देवस्थानच्या झाडांची पाहणी करावी. प्रत्येक झाडाचे कोकणी नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव वहीत उतरावे. ओळख कोणी सांगितली, कशावरून सांगितली, ते लिहावे. आणि खाली त्या माणसाची सही व तारीख घ्यावी. सांगणारी एखादी गुरे राखणारी बाई असेल, तर तिचे नाव सर्वांत वर लिहावे. या कामाला पैसा फारसा लागत नाही. सायंकाळची आरती होण्यापूर्वीचे दोन-चार तास पुरे होतात.

रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट यांना स्वतःचे गाव उरले नव्हते. त्यांच्या वाडवडिलांनी देवाबरोबर जे ज्ञान नेले, ते त्यांनी परमुलखात, परक्या अधिकाऱ्यापुढे, आपल्या लिपीत नोंदवून ठेवले. आम्ही आपल्या गावात, आपल्या देवाच्या आवारात आहोत. आमची वही मात्र अजून कोरी आहे.